मोड्स शिकायचेत? आधी तानपुरा लावा

गिटारवर पेंटाटॉनिकचा, म्हणजे पाच स्वरांच्या स्केलचा बॉक्स बोटांत बसला, दोन-चार बेंड (तार ओढून चढवलेले स्वर) सुरात यायला लागले, बॅकिंग ट्रॅकवर पाच मिनिटं तरी न अडखळता वाजवता आलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'सर, आता मोड्स?' विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये बहुतेक वेळा एक तक्ता आधीच असतो. त्यात सात आकृत्या असतात आणि आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन, लोक्रियन अशी सात भारदस्त नावं. खाली एक ओळ: सी मेजर स्केल डी पासून वाजवलं की डोरियन, ई पासून वाजवलं की फ्रिजियन. मुलगा सातही आकृत्या घोटून येतो, वाजवून दाखवतो आणि मग हळूच म्हणतो, 'पण सगळं सारखंच वाटतंय.'

बरोबरच वाटतंय त्याला. मागे कोणी 'सा' धरलेला नसेल, तर डी पासून डी पर्यंत वाजवलेलं सी मेजर हे सी मेजरच राहतं. तक्ता खोटा नाही, पण अर्धाच आहे. मोड म्हणजे बोटांची आकृती नव्हे आणि सुरुवात कुठून केली हेही नव्हे. मागे घुमणाऱ्या एका स्थिर स्वराशी बाकीच्या सहा स्वरांचं जे नातं असतं, त्याला मोड म्हणायचं. तो स्थिर स्वर ऐकू येत नसेल तर नातं कोणाशी जोडणार?

ग्वाल्हेरात, त्यातही लष्कर या भागातल्या मराठी घरांत गिटार शिकवताना मला एक सोय आयती मिळते. गिटार ज्या घरात शिरलेली असते, तिथे कपाटावर कापडात गुंडाळलेली पेटी बहुधा आधीपासून असते. घरातली एखादी आत्या किंवा आजी माधव संगीत महाविद्यालयाच्या दोन-चार परीक्षा देऊन आलेली असते. माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या आखणीनुसार १९१८ साली ही संस्था इथे सुरू झाली. तेव्हा बिलावल, काफी, खमाज ही नावं इथल्या मुलांना परकी नसतात. भातखंड्यांनी रागांच्या वर्गवारीसाठी मांडलेल्या दहा थाटांपैकी, म्हणजे सात-सात स्वरांच्या दहा मूळ स्वरावलींपैकी, सहा थाट आणि तुमच्या तक्त्यातल्या सातपैकी सहा मोड हे स्वरांच्या हिशेबाने तंतोतंत एकच आहेत. मग ग्रीक नावांपासून कशाला सुरुवात करायची? त्या नावांचा इतिहासही तसा गोंधळाचाच आहे. डोरियन, फ्रिजियन, लिडियन ही प्राचीन ग्रीक नावं मध्ययुगीन युरोपाने भलत्याच स्वरावलींना चिकटवली. आयोनियन आणि एओलियन ही दोन तर ग्लारेआनुस या स्विस पंडिताने १५४७ सालच्या ग्रंथात त्या यादीत आणून बसवली. बँडमधल्या मित्रांशी बोलायला ती नावं लागतील, म्हणून ती ओळखीची असू द्या. कानाला मात्र थाटाची सवय लावा.

तयारी

गिटार कुठलीही चालेल. अकूस्टिक असेल तर बेंड जड जातील, बाकी काही अडत नाही. ट्यूनरवर सहाही तारा नीट लावा. फोनवर तानपुऱ्याचं कुठलंही मोफत ॲप घ्या आणि त्याचा सा 'ए' वर ठेवा, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी सहा. 'ए' निवडायचं कारण अगदी साधं आहे. गिटारची पाचवी तार मोकळी वाजवली की 'ए'च मिळतो. वीज गेली, फोन बंद पडला, तरी अंगठ्याने पाचवी तार छेडत राहायची आणि वर वाजवायचं. तानपुरा प-सा-सा-सा असा लावा आणि आवाज गिटारपेक्षा थोडा खाली ठेवा.

आता सगळा खेळ तिसऱ्या तारेवर, म्हणजे 'जी'च्या तारेवर होणार आहे. एकाच तारेवर का, असं विचाराल. बॉक्समध्ये वाजवताना बोटं सवयीने पळतात आणि कान मागे राहतो. एका तारेवर प्रत्येक स्वराचं अंतर डोळ्यांना दिसतं आणि हाताला जाणवतं, सतारीवर जाणवतं तसंच.

पहिली पायरी: सा, प, सा

तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट (गिटारच्या दांडीवरची धातूची पट्टी) हा सा. नववा फ्रेट प. चौदावा फ्रेट वरचा सा. तानपुरा चालू ठेवून हे तीनच स्वर वाजवा आणि वाजवताना तोंडाने म्हणा. आवाज कसा आहे याची चिंता नको, कोणी ऐकत नाहीये. स्वर तानपुऱ्यात मिसळून जातो तो क्षण ओळखता आला पाहिजे. बहुतेकांना हे फार सोपं वाटतं आणि ते दोन मिनिटांत पुढे सरकतात. पुढे फिरून इथेच यावं लागतं, म्हणून मी पहिल्या तासाला याच्यापुढे जातच नाही.

मग त्याच तारेच्या या फ्रेटवर बिलावल घ्या: २, ४, ६, ७, ९, ११, १३, १४. सा रे ग म प ध नि सा, सगळे शुद्ध. हाच मेजर स्केल, हाच आयोनियन.

इथे गिटारची एक गोष्ट कळून घ्या. सहाव्या फ्रेटवरचा शुद्ध गंधार तानपुऱ्यावर लांबवलात तर किंचित चढा वाटेल. तो भास नाही. गिटारचे फ्रेट पेटीप्रमाणे बारा समान भागांत बसवलेले असतात. तानपुऱ्याच्या तारेतून जो गंधार आपोआप निघतो, त्याच्यापेक्षा गिटारचा गंधार सुमारे १४ सेंट वर असतो आणि १०० सेंट म्हणजे एक फ्रेट. तार ओढून स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही. म्हणून त्या गंधारावर फार वेळ रेंगाळू नका, आणि कान तक्रार करत असेल तर कान चांगला आहे असं समजा.

दुसरी पायरी: एक प्रयोग

हा प्रयोग वाचून सोडून देऊ नका, गिटार हातात घेऊन करा.

तानपुरा 'ए' वरच ठेवा. बिलावलचेच फ्रेट वाजवा, पण सुरुवात चौथ्या फ्रेटपासून करा: ४, ६, ७, ९, ११, १३, १४, आणि परत खाली येऊन चारवर थांबा. कसं वाटलं? लोंबकळल्यासारखं. चौथ्या फ्रेटवर मुक्काम करताच येत नाही, कान दोनकडे ओढतो. तुम्ही बिलावलच वाजवलात, फक्त रिषभापासून.

आता बोटांना हात न लावता ॲपमधला तानपुरा एक स्वर वर न्या. 'बी' करा, पांढरी सात. पुन्हा तेच फ्रेट, चारपासून चारपर्यंत. आता चार हा सा झाला. तिसरा स्वर अचानक कोमल गंधार झाला, शेवटचा कोमल निषाद झाला. तुम्ही काफी वाजवत आहात. म्हणजेच डोरियन.

फ्रेट तेच, बोटं तीच, बदललं काय? फक्त सा. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. मोबाइलवरच्या तक्त्यात लिहिलेली असते ती मूर्च्छनाच, फक्त तानपुरा बदला हे सांगायचं त्यात राहून गेलेलं असतं.

मूर्च्छना समजून घ्यायला उत्तम, पण सोलोच्या मध्यात 'हा डी डोरियन, म्हणजे सी मेजर, म्हणजे सी कुठे आहे' असा हिशेब करत बसलात तर ट्रॅक संपून जाईल. वाजवताना उलटी पद्धत कामाची असते. सा हलवायचा नाही, स्वर बदलायचे. त्यासाठी तानपुरा परत 'ए' वर आणा.

तिसरी पायरी: एकेक स्वर उतरवत जायचं

तक्त्यात मोड्स ज्या क्रमाने येतात तो क्रम कानाच्या काही उपयोगाचा नाही. मी वेगळा क्रम लावतो. सगळ्यात उजळ थाटापासून निघायचं आणि दर वेळी एकच स्वर एकच फ्रेट खाली आणायचा.

कल्याण, म्हणजे लिडियन: २, ४, ६, ८, ९, ११, १३, १४. आठव्या फ्रेटवर तीव्र मध्यम आहे. आठवर थांबा, ताण जाणवू द्या, मग नऊवर या. हे एवढं आठ-नऊ जमलं तर लिडियनचा जीव हातात आला. सिनेमाच्या पार्श्वसंगीतात आकाश, उड्डाण, स्वप्न असं काही आलं की हा स्वर हमखास ऐकू येतो.

आठचा सात केला की बिलावल. ते झालंच आहे.

मग तेराचा बारा करा. निषाद कोमल झाला आणि खमाज आला, म्हणजे मिक्सोलिडियन: २, ४, ६, ७, ९, ११, १२, १४. रॉक आणि ब्लूजवाल्यांचं अर्धं दुकान यावर चालतं, कारण 'ए सेव्हन' कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या त्या गुच्छात, हाच कोमल निषाद बसलेला असतो. गंधार शुद्ध असल्यामुळे चेहरा हसरा, पण निषाद खाली ओढतो, म्हणून थोडा खट्याळ. मुलांना सगळ्यात लवकर आवडतो तो हाच.

आता सहाचा पाच करा. गंधार कोमल झाला आणि काफी आला, डोरियन: २, ४, ५, ७, ९, ११, १२, १४. मायनर आहे, पण रडका नाही. त्याचं कारण अकराव्या फ्रेटवरचा शुद्ध धैवत. तोच काफीची ओळख. हा तुकडा वाजवून बघा: ९, ११, १२, ११, ९, मग ७, ५, ४, २. प ध नि ध प, म ग रे सा. अकरावर दाब द्या. होळीच्या दिवसांत कानावर पडलेलं काहीतरी आठवलं तर नवल नाही.

अकराचा दहा केला की आसावरी, एओलियन: २, ४, ५, ७, ९, १०, १२, १४. गिटारवाले याला नॅचरल मायनर म्हणतात. काफी आणि आसावरीत फरक एका धैवताचा, पण मायनर ट्रॅकवर नवशिक्यांचा सगळा गोंधळ याच एका स्वरावर होतो. दौलतगंजातल्या एका घरी शिकवायला जातो. तिथला मुलगा मायनरच्या ट्रॅकवर काफी वाजवत होता आणि ट्रॅकमध्ये 'एफ'ची कॉर्ड येत होती. दर वेळी तिथे खटका. मी सांगायच्या आत स्वयंपाकघरातून आजींचा आवाज आला, 'अरे, तो धैवत उतरव की! किती वेळ टोचतोय.' आजींना 'एफ'ची कॉर्ड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्या पोळ्या लाटत होत्या. त्याने अकराचा दहा केला आणि खटका गेला. मग आजींनी हेही सुनावलं की ग्वाल्हेरची आसावरी शुद्ध रिषभाची असते, कोमल रिषभाची ऐकलीस तर ती वेगळी. आमच्या तक्त्यालाही शुद्ध रिषभच लागतो, त्यामुळे वाद वाढला नाही.

चाराचा तीन करा. रिषभ कोमल, आणि आली भैरवी, फ्रिजियन: २, ३, ५, ७, ९, १०, १२, १४. तीन आणि दोन यांच्यातलं एका फ्रेटचं अंतर हा हिचा दंश. हेच अंतर हेवी मेटलच्या रिफमध्ये गुरगुरतं आणि मैफलीच्या शेवटी भैरवीत विरघळतं. स्वर तेच, पण वागणूक केवढी वेगळी.

शेवटी नऊचा आठ केला तर पंचमच गेला. हा लोक्रियन. भातखंड्यांच्या थाटांत याला जागा नाही, कारण तिथे पंचम अचल आहे. तुमच्या तानपुऱ्यातला प आणि हा आठवा फ्रेट एकमेकांना अक्षरशः खायला उठतील. जॅझमध्ये एखाद्या कॉर्डवर दोन मात्रांपुरता तो लागतो. नवशिक्याने एकदा वाजवून बघावा आणि बाजूला ठेवावा. ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी एवढं करून पाहावं: लोक्रियनमध्ये आता उतरवायला एकटा सा उरला. तोही एक फ्रेट खाली आणला तर जी स्वरावली मिळते ती त्या नव्या सा वरचा कल्याण असते. चक्र पूर्ण.

ही उतरण रोज एकदा तरी वरपासून खालपर्यंत वाजवा. एका थाटावरून दुसऱ्यावर जाताना फक्त बदललेल्या स्वरावर क्षणभर थांबायचं.

चौथी पायरी: पेंटाटॉनिक टाकून द्यायचं नाही

इतके दिवस घोटलेला बॉक्स वाया जातो की काय, अशी भीती कित्येकांना वाटते. उलट मोड्स त्याच्यावरच चढवायचे असतात.

'ए मायनर'चा पाचव्या फ्रेटवरचा बॉक्स म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. आपल्याकडे हे धानी रागाचे स्वर. यात फक्त रे आणि ध नाहीत. हे दोन स्वर कसे भरता त्यावर तिन्ही मायनर थाट ठरतात. रे शुद्ध, ध शुद्ध: काफी. रे शुद्ध, ध कोमल: आसावरी. दोन्ही कोमल: भैरवी. बॉक्समध्ये ते कुठे सापडतील? शुद्ध ध दुसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, कोमल ध त्याच तारेच्या सहाव्यावर. शुद्ध रे पहिल्या तारेच्या सातव्यावर, कोमल रे सहाव्यावर. चारच जागा. मी मुलांना सांगतो की सोलो धानीतच वाजवा आणि दर ओळीत या चारपैकी योग्य तो स्वर एकदाच टाका, भाजीत वरून लिंबू पिळतो तसा. आधी सात स्वर पळवायला गेलात की सोलोचा सराव होतो, सोलो होत नाही.

मेजर बाजूला हेच काम भूप राग करतो. सा रे ग प ध. 'ए'साठी बोटं चौथ्या ते सातव्या फ्रेटमध्ये राहतात: सहाव्या तारेवर ५ आणि ७, पाचव्या आणि चौथ्या तारेवर ४ आणि ७, तिसरीवर ४ आणि ६, दुसरी आणि पहिलीवर ५ आणि ७. यात म आणि नि नाहीत. म तीव्र केला आणि नि शुद्ध ठेवला तर कल्याण, दोन्ही शुद्ध तर बिलावल, म शुद्ध आणि नि कोमल तर खमाज. तिसऱ्या तारेवर सातवा फ्रेट शुद्ध म, आठवा तीव्र म. चौथ्या तारेवर सहावा फ्रेट शुद्ध नि, पाचवा कोमल नि.

सातही स्वरांचा पूर्ण आकार एकच पाठ करायचा असेल तर काफीचा करा. सहाव्या तारेवर ५, ७, ८. पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर ५, ७, ९. दुसऱ्या आणि पहिल्यावर ७, ८, १०. प्रत्येक तारेवर तीन स्वर, मध्ये तीन तारांचा एकच साचा. बाकीचे थाट यातला एखादा स्वर मागे-पुढे करून काढता येतात आणि ते स्वतः काढलेले बरे.

पाचवी पायरी: ट्रॅक कुठल्या थाटाचा, ते ओळखणं

तानपुऱ्यावर सगळं सुरळीत असतं. खरी पंचाईत कॉर्ड आल्या की होते. ट्रॅक लागला की लगेच हात घालू नका. आधी सा शोधा. गाणं कुठल्या स्वरावर येऊन निवांत होतंय तो स्वर गुणगुणा आणि गिटारवर सापडवा. पहिली कॉर्ड म्हणजे सा असेलच असं नाही, हे ध्यानात ठेवा. दुसरा प्रश्न: गंधार शुद्ध की कोमल, म्हणजे मुख्य कॉर्ड मेजर की मायनर. एवढ्यावर सहापैकी तीन थाट बाद होतात.

उरलेल्या तिनातला एक दुसरी कॉर्ड सांगते. सा 'ए' धरून बोलतो. 'ए मायनर' आणि 'डी' मेजर आलटून पालटून येत असेल तर काफी, कारण 'डी' मेजरमध्ये 'एफ शार्प' आहे, तोच शुद्ध धैवत. 'ए मायनर' आणि 'एफ' असेल तर आसावरी, दौलतगंजच्या आजींची. 'ए मायनर' आणि 'बी फ्लॅट' असेल तर भैरवी. मेजरकडे 'ए' आणि 'जी' आलं की खमाज, 'ए' आणि 'बी' मेजर आलं की कल्याण, आणि 'ए', 'डी', 'ई' हे नेहमीचं त्रिकूट आलं की बिलावल.

इथे एक पाचर आहे आणि हिंदी-मराठी गाण्यांत ती फार वेळा आडवी येते. 'ए मायनर'च्या गाण्यात सा वर परतण्याआधी 'ई सेव्हन' येतो. त्याच्यात 'जी शार्प' आहे, शुद्ध निषाद. आसावरीचा कोमल निषाद त्या वेळी तिथे घासतो. तेवढ्यापुरता निषाद शुद्ध करायचा: २, ४, ५, ७, ९, १०, १३, १४. पाश्चात्त्य लोक याला हार्मोनिक मायनर म्हणतात, आपल्याकडे या स्वरांचा राग कीरवाणी. सात मोड्सच्या तक्त्यात हा नाही, म्हणून तक्त्यावर विसंबलेली मुलं इथे हमखास गडबडतात. 'ई सेव्हन' गेला की निषाद परत कोमल.

ऐकायला एक नमुना सांगतो. जॅझचे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ सालच्या 'काइंड ऑफ ब्ल्यू' या रेकॉर्डवरची पहिलीच रचना घ्या. बत्तीस बारचं, म्हणजे चार-चार मात्रांच्या बत्तीस गटांचं आवर्तन आहे. पहिले सोळा बार 'डी'चा डोरियन, पुढचे आठ 'ई फ्लॅट'चा डोरियन, शेवटचे आठ पुन्हा 'डी'चा. म्हणजे काफीच, पण मध्ये सा एक फ्रेट वर सरकतो आणि परत येतो. गिटार घेऊन बसा आणि फक्त सा बदलल्याची जागा बोटाने दाखवा. पहिल्या फेरीत चुकेल, नंतर बसेल.

सहावी पायरी: थाटातून सोलो

थाट म्हणजे सामान, राग म्हणजे घर. 'यमन म्हणजे लिडियन' असं कोणी सांगितलं तर अर्धवट हसून सोडून द्या. यमन कल्याण थाटातला आहे हे खरं, पण यमन वर जाताना बरेचदा सा आणि प ओलांडून जातो, गंधार-निषादावर बसतो. ते चालणं तक्त्यात नसतं. तसंच खमाज राग वर जाताना शुद्ध निषाद घेतो, रे गाळतो. भैरवीत तर जाणकार गाणारा बाराही स्वरांना हात लावून येतो.

मग गिटारवाल्याने रागाकडे बघायचं कशाला? चाल उसनी घ्यायला. कल्याण घ्या आणि तिसऱ्या तारेवर हे वाजवा: १, ४, ६, मग ४, १, ४, २. खालचा नि, रे, ग, रे, नि, रे, सा. पहिला फ्रेट म्हणजे मंद्र निषाद. सरळ सा रे ग म वाजवण्यापेक्षा हे सात स्वर किती जास्त बोलतात ते लगेच कळेल. याच पद्धतीने आलाप बांधतात. आधी तीन स्वरांत मुक्काम, मग चौथा. वरचा सा शेवटी. सोलोलाही हीच चाल लावा. पहिल्या चार बारमध्ये तीन स्वर पुरे. थाटाची ओळख असलेला स्वर, मग तो काफीचा ध असो की कल्याणचा म, तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत राखून ठेवा.

बेंडबद्दल थोडं कडक बोलतो. गिटारचा बेंड म्हणजे मींड, आणि मींड बेसूर असेल तर थाट मोडतो. काफीत सातव्या फ्रेटवरून तार ओढून पंचमावर जायचं असेल तर आधी नववा फ्रेट दाबून ऐका, तो कानात धरा, मग सातवरून ओढा. अर्धवट ओढलीत तर तीव्र मध्यम लागेल आणि काफीचं भलतंच काही होईल. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकलं की हे उघडं पडतं, वाजवताना समजत नाही.

रोजच्या अर्ध्या तासाची विभागणी मी अशी सांगतो: थोडा वेळ सा-प-सा, एकदा पूर्ण उतरण, आणि उरलेला सगळा वेळ एकाच थाटात. आठवडाभर तोच थाट. पहिला काफी घ्या, दुसरा खमाज. धानी आणि भूप हाताशी असल्यामुळे हे दोन लवकर बोलायला लागतात. भैरवी सर्वांत शेवटी, कारण तिचा कोमल रिषभ जपून वापरायला संयम लागतो. आणि डिसेंबरात तानसेन समारोह असतो तेव्हा एक तरी बैठक ऐकून या. कलाकार तानपुरे लावत असतात तो वेळ चहाला जाण्याचा नाही. तेव्हाच सा पकडा आणि राग सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांत ग कोणता, ध कोणता, नि कोणता एवढंच ओळखायचा प्रयत्न करा.

हे सहा थाट हाताखाली आले की उरलेल्या चारांकडे वळा: भैरव, पूर्वी, मारवा, तोडी. ते कुठल्याही मेजर स्केलची सुरुवात बदलून मिळत नाहीत, त्यामुळे मोड्सच्या तक्त्यांत ते नसतात. सुरुवात भैरवाने करा: २, ३, ६, ७, ९, १०, १३, १४. तीनवरून सहावर आणि दहावरून तेरावर उडी आहे. तिथे पहिलं आणि चौथं बोट ठेवा, तिसरं ताणू नका, आणि तानपुरा 'ए' वरच राहू द्या.